मी फुंकत नव्हते

(स्नेहमेळाव्याच्या दुसऱ्या दिवशी केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजन समितीने मला विषय दिला होता 'संगणक क्षेत्रातील माझी वाटचाल'. मी त्यांना कळवलं की आपल्यापैकी निम्म्यांची मुलं याच क्षेत्रात आहेत आणि त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळतं. त्यापेक्षा मला आपल्या बँड पथकाबद्दल बोलू द्या. समितीने मोठ्या मनाने परवानगी दिली. मी नक्की काय बोलणार आहे हे विचारलं असतं तर कदाचित दिली नसती.

बाहेरच्या पॅसेजमध्ये, मुख्याध्यापकांच्या खोलीशेजारी, आपल्या बँड पथकाचा फोटो अजून लावलेला आहे. २६ जानेवारी १९९५. काल तुम्ही सगळ्यांनी त्याच्यासमोर उभं राहून सेल्फी काढले. त्यात पुढच्या रांगेत डावीकडून दुसरी, ओठांना बासरी लावलेली, दोन वेण्यांची मुलगी मी आहे. काल तिघा-चौघांनी मला म्हटलं, "तू किती छान वाजवायचीस!"

मी वाजवत नव्हते. आठवी आणि नववी अशी दोन वर्षं मी बँडमध्ये होते आणि दोन वर्षांत माझ्या बासरीतून एकदाही सूर निघाला नाही. मी नुसती बोटं हलवायचे.

ज्यांना आठवत नसेल त्यांच्यासाठी सांगते. आपल्याकडे एक मोठा ढोल होता, सहा साइड ड्रम, झांजा, त्रिकोण, चार बिगुल आणि आठ बासऱ्या. बासऱ्या म्हणजे चकचकीत, धातूच्या, सहा भोकांच्या, आडव्या धरायच्या. बँडचे सर आपले पी.टी.चेच सर होते. त्यांनी उंचीप्रमाणे ओळ लावली आणि मधल्या उंचीच्या आठ मुलींच्या हातात बासऱ्या दिल्या. भोकावरून अशी फुंकर घाला, असं एकदा सगळ्यांना मिळून दाखवलं. आठवड्याभरात पाच-सहा जणींचा सूर लागला. माझा लागला नाही. नुसता फू-फू वारा. सरांना सांगायची लाज वाटली. मी वर्गात पहिली येणारी मुलगी, मॉनिटर. मला एखादी गोष्ट येत नाही हे मला कबूलच करता येत नसे. मी शेजारणीची बोटं बघून बोटं पाठ केली. 'सारे जहाँ से अच्छा'ची सगळी बोटं मला अजून येतात.

आता खरी गोष्ट. डिसेंबर १९९४. संचलनाची तालीम चालली होती आणि दोन बासरीवाल्या मुलींना कांजण्या झाल्या. राहिलो सहा जणी. आवाज एकदम पातळ झाला. सरांनी बँड थांबवला आणि आम्हा सहा जणींना दोघी-दोघींनी वाजवायला लावलं. मी आणि माझी बाकावरची मैत्रीण अशी आमची जोडी. आम्ही वाजवलं. म्हणजे तिने वाजवलं. सर म्हणाले, "दोघींतली एकच वाजतेय. कोण वाजत नाही?"

मी गप्प राहिले. तीही गप्प राहिली. सरांनी माझ्याकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं आणि तिला म्हणाले, "उद्यापासून तू बासरी घेऊ नकोस. झेंडा धर." तिने बासरी सरांच्या हातात दिली. झेंडा तिने धरला नाही. दुसऱ्या दिवसापासून ती बँडला आलीच नाही. त्या फोटोत ती नाही.

ती इथे तिसऱ्या रांगेत बसलेली आहे. हे सगळं मी तिला महिन्यापूर्वी फोनवर सांगितलं आणि आज इथे सांगायची परवानगीही तिच्याकडूनच घेतली. तिचं नाव घ्यायचं नाही, ही तिची अट आहे.

इतकी वर्षं मी हे का सांगितलं नाही आणि आता का सांगते आहे, यासाठी थोडं अमेरिकेतलं सांगावं लागेल.

मी तिथल्या एका सरकारी विद्यापीठाच्या संगणक विभागात नोकरी करते. विद्यार्थ्यांची नोंदणी, गुणपत्रिका, फी यांच्या प्रणाली आम्ही सांभाळतो. तिथल्या शाळांमध्ये पाचवी-सहावीपासून बँड हा विषय असतो. माझ्या मुलीने सहावीत फ्लूट घेतली. आम्ही दुकानातून दरमहा भाड्याने आणली, पूर्ण रक्कम फिटली की वाद्य आपलं होतं अशा कराराने. पहिल्याच दिवशी तिने सूर काढला. मी स्वयंपाकघरात पोळ्या करत होते. मला आनंद व्हायला हवा होता. त्याऐवजी पोटात खड्डा पडला. दीड वर्षाने मुलगी फुटबॉलकडे वळली आणि फ्लूट कपाटावर गेली. हप्ते तेवढे फिटत राहिले.

आमच्या विद्यापीठात कर्मचाऱ्यांना दर सत्रात एक विषय विनाशुल्क शिकता येतो. बरेच जण एखादी भाषा नाहीतर हिशेबशास्त्र घेतात. एक दिवस मी यादी बघत होते. त्यात संगीत विभागाखाली एक ओळ होती: फ्लूट, वैयक्तिक शिकवणी, एक क्रेडिट, आठवड्याला अर्धा तास. संगीत विभागाबाहेरच्यांना जागा उरली तर प्रवेश. या एका विषयाला कर्मचाऱ्यांनाही वेगळी फी भरावी लागते, कारण इतर वर्गांत एका शिक्षकासमोर शंभर जण बसतात आणि इथे एका शिक्षकासमोर एकच. मी अर्ज भरला. त्यात एक रकाना होता: पूर्वीचा अनुभव. मी लिहिलं, "शाळेच्या बँडमध्ये दोन वर्षं." बेचाळिसाव्या वर्षीही तीच थाप!

फ्लूटच्या बाई साठीच्या पुढच्या. सडपातळ, पांढरे केस, आवाज एकदम हळू. खोली आपल्या स्टाफरूमच्या निम्मी. एक पियानो, नोटेशन ठेवायचे दोन स्टँड, भिंतीवर पूर्ण उंचीचा आरसा. बाई म्हणाल्या, "तुला जे येतं ते वाजव. मला नुसतं ऐकू दे."

मी फ्लूट उचलली, ओठांना लावली आणि बोटं हलवायला लागले. मित्रांनो, मी फुंकलं नाही. मुद्दाम नाही. त्या खोलीत आम्ही दोघीच होतो, तरी सवयीने मी फुंकलंच नाही. आठ-दहा सेकंद नुसता चाव्यांचा टकटक आवाज. बाई थांबल्या आणि म्हणाल्या, "बोटं चांगली चालतात. आता हवेसकट."

मला रडू आलं. मग मी त्यांना खरं सांगितलं, आपल्या मैदानासकट, बाकावरच्या मैत्रिणीसकट.

बाईंनी काही सांत्वन वगैरे केलं नाही. त्यांनी फ्लूटचे तीन तुकडे सुटे केले आणि वरचा, फुंकायचा तुकडा तेवढा माझ्या हातात दिला. त्याला एकच भोक असतं. खालचं उघडं तोंड तळहाताने बंद करून फुंकायचं, बाटलीच्या तोंडावर फुंकतो तसं. फ्लूटला सनईसारखी पत्ती नसते. ओठांतून निघालेला हवेचा पातळ झोत भोकाच्या पलीकडच्या कडेवर आपटतो, थोडा आत जातो, थोडा बाहेर, आणि त्या आतबाहेर होण्यातून नळीतली हवा कापायला लागते. झोत कडेवर नीट पडला नाही तर नुसता वारा.

बाई माझ्या समोर उभ्या राहिल्या आणि त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं. मग मला आरशासमोर उभं केलं. माझ्या वरच्या ओठाला मधोमध खाली आलेलं छोटंसं टोक आहे. अगदी मध्यावरून फुंकलं की त्या टोकावर झोत दुभंगतो, निम्मा इकडे, निम्मा तिकडे, आणि कडेवर नेमका काहीच पडत नाही. असे ओठ पुष्कळांचे असतात, बाई म्हणाल्या. ते लोक मध्यापासून जरा बाजूला फुंकतात. त्यांनी तो तुकडा माझ्या ओठांवर थोडासा डावीकडे सरकवला. शेंगदाण्याच्या दाण्याएवढासुद्धा नाही.

आणि सूर निघाला.

तेवढंच होतं. आरशासमोरची पाच मिनिटं. दम नाही, कान नाही, संगीत आपल्या रक्तात नाही, असलं जे मी स्वतःबद्दल धरून चालले होते, त्यातलं काही नव्हतं. कुणीतरी माझ्या एकटीसमोर पाच मिनिटं उभं राहायला हवं होतं.

मला इथे कुणाला दोष द्यायचा नाही. आपल्या सरांकडे बत्तीस मुलं होती, दोन तासिकांच्या मधली पस्तीस मिनिटं होती आणि शिवाय त्यांना खो-खोचा संघही बघायचा होता. सर स्वतः सैन्यातून आलेले, ते बिगूल शिकले होते. बासरी त्यांनी आपल्यासाठी पुस्तकातून शिकून घेतली, हे मला काल त्यांनीच सांगितलं. बत्तीस मुलांना एकत्र पाय उचलायला शिकवता येतं, ताल शिकवता येतो. ओठ मात्र एकेकाचेच बघावे लागतात. म्हणूनच तिथल्या विद्यापीठांत, भोवती मोठमोठे बँड आणि वाद्यवृंद असूनही, प्रत्येक विद्यार्थ्याची दर आठवड्याला एकट्याची शिकवणी असतेच. पदवी संगीताचीच करणाऱ्यांना ती तासाभराची, माझ्यासारख्यांना अर्ध्या तासाची. आपल्याकडे गाणं शिकणाऱ्याला यात नवल वाटणार नाही. गुरूसमोर बसूनच गाणं शिकतात. पण बँड म्हटलं की आपण समजतो, सगळ्यांना एका रांगेत उभं करून भागतं.

त्या अर्ध्या तासात काय चालतं ते थोडं सांगते. पहिली पाच-सात मिनिटं नुसते लांब सूर. एक सूर धरायचा, हळू सुरू करायचा, फुगवायचा, परत हळू करत सोडायचा. समोर एक छोटं यंत्र असतं, ते सूर वर आहे की खाली ते काट्याने दाखवतं. जोरात फुंकलं की फ्लूटचा सूर चढतो, हळू फुंकलं की उतरतो, तो चढू-उतरू द्यायचा नाही. मग स्केल, मग एखादा धडा, शेवटी एखादी रचना. सुरुवातीला मला दहा मिनिटांत चक्कर यायची, इतकी हवा वाया जायची.

बाईंना पहिल्या सुरातच कळतं की मी आठवडाभर रियाज केला की नाही. एका आठवड्यात आमची नवी प्रणाली सुरू व्हायची होती, मी रात्री दोन-दोनपर्यंत कामात. रियाज शून्य. शिकवणीला गेले आणि सबब सांगायला तोंड उघडलं. बाई म्हणाल्या, "सांगू नकोस. आज इथेच रियाज करू. कसा करायचा तेही शिकण्यासारखं आहे." त्या दिवशी मला कळलं की मी रियाज चुकीचाच करत होते. मी रचना पहिल्यापासून वाजवायचे, चुकले की परत पहिल्यापासून. त्यामुळे सुरुवात छान पक्की व्हायची आणि चूकही पक्की व्हायची. बाईंनी चुकलेली जागा शोधायला लावली. ती संपूर्ण ओळ नव्हती, दोन सुरांमधली एक उडी होती. फक्त ते दोन सूर, अगदी सावकाश, वीस वेळा. मग आधीचा एक जोडायचा, मग नंतरचा एक. मला हसू आलं. वीस वर्षं मी प्रोग्राममधल्या चुका अशाच शोधते आहे. मोठा प्रोग्राम बाजूला ठेवून, जिथे मोडतो तेवढाच तुकडा हातात घ्यायचा. हातातल्या वाद्याला हीच युक्ती लागू पडते हे सुचलं नाही.

माझ्यातल्या इंजिनिअरला आवडलेली आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. आजची फ्लूट घडवली थेओबाल्ड बोम नावाच्या म्युनिकच्या माणसाने. हा सोनाराचा मुलगा, स्वतः सोनारकाम शिकलेला आणि राजदरबारच्या वाद्यवृंदात फ्लूट वाजवणारा. त्याच्या आधीच्या फ्लूटवर भोकं साधारण बोटं पोचतील अशा जागी असायची, त्यामुळे काही सूर खरे लागत, काही कसेबसे जुळवून घ्यावे लागत. बोमने ठरवलं की भोक सुराला जिथे हवं तिथेच पाडायचं आणि हवं तेवढं मोठं पाडायचं. बोट तिथे पोचत नसेल तर पोचवणारी यंत्रणा आपण बनवू. १८३२मध्ये त्याने एक नमुना केला, १८४७मध्ये दुसरा, सरळ नळीचा. आज जगभर वाजते ती फ्लूट याच दुसऱ्या नमुन्यावर आहे. बोटाच्या सोयीसाठी त्याने सूर बिघडू दिला नाही, आणि बोटालाही तू लांब हो असं सांगितलं नाही. मधल्या दांड्या, स्प्रिंगा आणि चाव्या करत बसला. माझ्या ओठाचं जे झालं, तेही असंच होतं. ओठ बदलायचा नव्हता, भोक सोडायचं नव्हतं, मधली जुळणी करायची होती.

सत्राच्या शेवटी परीक्षा असते. तिला ज्युरी म्हणतात. मोठ्या खोलीत तीन शिक्षक बसतात, पियानोवर एक साथीदार, आणि मध्ये आपण एकटे. ते स्केल विचारतात, मग रचना ऐकतात. आठ-दहा मिनिटांत संपतं. चौथ्या सत्रात मी ग्लुकच्या ऑर्फियसच्या ऑपेरातला फ्लूटचा एक संथ तुकडा वाजवला. हा तुकडा त्याने १७७४मध्ये पॅरिसच्या प्रयोगासाठी घातला. मेलेल्या बायकोला शोधत ऑर्फियस परलोकात जातो, तिथल्या सुखी आत्म्यांच्या नृत्याच्या वेळी हे फ्लूटवादन आहे. ऐकायला सोपं, वाजवायला कठीण. वाक्यं इतकी लांब की श्वास पुरत नाही. माझ्या आधी एकोणीस वर्षांचा मुलगा होता, माझ्यानंतर वीस वर्षांची मुलगी. ती मला म्हणाली, "तुम्ही कुणाच्या आई आहात का?" मी म्हटलं, "आहे, पण आज परीक्षा माझी आहे."

माझा श्वास दोनदा मध्येच संपला, वरचा एक सूर फाटला. मला बी प्लस मिळाली. कागदावर एका परीक्षकांनी लिहिलं होतं, "श्वास कुठे घेणार ते आधीच पेन्सिलीने खूण करून ठेवा." आयुष्यात इतके पैकीच्या पैकी मार्क मिळवले, पण पेढे वाटावेसे वाटले ते या बी प्लसचे.

त्यानंतर मी विद्यापीठाच्या खुल्या बँडमध्ये जायला लागले. तिथे कुणालाही येता येतं. मी तिसऱ्या फ्लूटच्या रांगेत शेवटच्या खुर्चीवर. माझ्या शेजारी जीवशास्त्र शिकणारा एक मुलगा बसायचा. दुसऱ्या आठवड्यात माझ्या लक्षात आलं, त्याची बोटं बरोबर पडतात पण बरगड्या हलत नाहीत. दोन वर्षं मी जे केलं होतं ते मला लगेच ओळखू आलं. मी कुणाला काही बोलले नाही. तालीम संपल्यावर त्याला म्हटलं, "ही अवघड ओळ मला जमत नाही. आपण दोघं बाहेर बसून हळू वाजवून बघू या का?" तो आधी नको म्हणाला. मग आला. पहिल्या दिवशी त्याने चारच सूर वाजवले. पण वाजवले.

त्या रात्री घरी येऊन मी ठरवलं की मैत्रिणीला फोन करायचा. ठरवल्यावरही पाच महिने केला नाही. महिन्यापूर्वी केला, कारण इथे येऊन तिच्यासमोर उभं राहायचं होतं.

मला वाटलं होतं ती म्हणेल, अगं किती जुनी गोष्ट, मी विसरले पण. ती तसं म्हणाली नाही. तिला सगळं आठवत होतं, सरांचा शर्टसुद्धा. ती म्हणाली, "आपण दोघी वाजवत होतो तेव्हा मला वाटलं, हा आवाज तुझाच आहे. तू हुशार. न वाजणारी मीच असणार." एकाच वेळी तोच सूर वाजताना कुणाचा आवाज कुठला ते कळत नाही, आणि एकीला आपली खात्री नसेल तर ती तो आवाज दुसरीला देऊन टाकते. मग ती म्हणाली, "माझ्या मुलीला शाळेत बँडमध्ये घेत होते. मीच नको म्हटलं. म्हटलं, आपल्या घरात कुणाला जमत नाही."

मी बराच वेळ काही बोलू शकले नाही. मी एका मुलीची बासरी घेतली असं मला वाटत होतं. प्रत्यक्षात दोघींची घेतली होती.

काल संध्याकाळी मी सरांना भेटून हे सांगितलं. सर समोर बसले आहेत, त्यांच्या परवानगीने सांगते. सर म्हणाले, "आठातल्या सगळ्या वाजत नाहीत हे मला माहीत होतं. कोण ते शोधायला वेळ नव्हता. आणि तू खोटं करशील असं मनात आलं नाही." मग सर मैत्रिणीला म्हणाले, "पोरी, माझं चुकलं." ऐंशीच्या घरातल्या आपल्या सरांनी तिला असं म्हणावं लागलं ते माझ्यामुळे. सर, तुमचीही मी माफी मागते.

आता समितीसाठी एक विनंती. रागावू नका. आपल्या बॅचने शाळेच्या बँडसाठी निधी जमवला आहे. त्यातून नवे गणवेश आणि नवी वाद्यं घ्यायचं ठरलं आहे. काल मी बँडचं कपाट उघडून बघितलं. वाद्यं पुरेशी आहेत. काही बासऱ्या पुसून वापरता येतील. मुख्याध्यापिका बाईंनी सांगितलं की आत्ता बँडमध्ये चोवीस मुलं आहेत. एकेका मुलाला आठवड्यातून पंधरा मिनिटं एकट्याने कुणापुढे तरी वाजवायला मिळायचं असेल तर चोवीस गुणिले पंधरा, म्हणजे आठवड्याला सहा तास. आपला अर्धा निधी या सहा तासांच्या मानधनासाठी ठेवू या. गणवेश जुने चालतील.

शिकवणार कोण, असं तुम्ही म्हणाल. माणसं आहेत. सैन्याच्या बँडमध्ये वाजवून निवृत्त झालेले लोक आपल्या जिल्ह्यात आहेत. ते पचमढीला सैन्याच्या संगीत प्रशिक्षण केंद्रात रीतसर नोटेशनसकट शिकून आलेले असतात. पोलीस बँडमधले आहेत. गोव्यात तर पोर्तुगीज काळापासून चर्चच्या शाळांमधून मुलं नोटेशन आणि वाद्यं शिकली आणि त्यांच्यातलेच कितीतरी पुढे मुंबईच्या सिनेसंगीतात वाद्यवृंदांचा कणा झाले. 'अमर अकबर अँथनी'मधलं अँथनी गोन्साल्विस हे नाव आपण सगळ्यांनी नाचत गायलं आहे. ते गोव्यातल्या माजोर्ड्याच्या एका खऱ्या व्हायोलिन शिक्षकाचं नाव आहे. त्यांच्याकडे शिकलेल्या प्यारेलाल यांनी गुरूची आठवण म्हणून ते त्या गाण्यात घातलं.

आणि इतक्या लांब तरी कशाला जायचं? एस.टी. स्टँडच्या मागे लग्नाच्या बँडचं दुकान होतं, आठवतं? त्यातले क्लॅरिनेटवाले काका उन्हाळ्याच्या दुपारी ओट्यावर बसून तास-तासभर लांब सूर धरायचे. आपण शाळेतून येताना त्यांची नक्कल करून हसायचो. मी ज्या लांब सुरांसाठी डॉलरमध्ये फी भरते तेच काका तिथे फुकट वाजवत बसलेले होते. शाळेपासून दोनशे पावलांवर. त्यांना शाळेत बोलवावं हे तेव्हा कुणालाच सुचलं नाही. बँडवाला म्हणजे वरातीत पुढे चालणारा, तो शिकवणार काय, असं आपण धरून चाललो. त्यांचा मुलगा आता ते दुकान चालवतो. मी काल त्याला भेटले. लग्नसराई सोडून इतर महिन्यांत तो यायला तयार आहे.

शेवटचं सांगते आणि थांबते. परवा रात्री मैत्रीण मला भेटायला आली. मी माझी फ्लूट बरोबर आणली आहे. तिने ती हातात घेतली, उलटीपालटी करून बघितली, परत ठेवली. मी वरचा तुकडा काढून तिला दिला. म्हटलं, बघ एकदा. ती नको-नको म्हणत होती. मग तिने तो ओठांना लावला, डोळे मिटले आणि फुंकलं.

पहिल्याच फुंकरीला सूर लागला. स्वच्छ, मोठा. कुठेही न फाटलेला. एकतीस वर्षांनी.

तेव्हा डिसेंबर १९९४मध्ये सरांनी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर मी आज सगळ्यांसमोर देते. सर, ती वाजवत होती. मी वाजवत नव्हते.